शेवटची धार

आमच्या ह्यांचा एकही सदरा धड नव्हता. पोटावर, बाह्यांवर नुसती बारीक बारीक भोकं. नव्या माणसाला वाटायचं, ह्यांच्या घरात उंदीर लई झालेत. उंदीर कुठले आलेत! गावच्या दूध सोसायटीत हे फॅट काढायचे, आणि फॅट काढायला ॲसिड लागतं. काचेच्या नळीत दूध घ्यायचं, त्यात ॲसिड घालायचं, मग त्या नळ्या मशीनला अडकवून हातानं गरागरा फिरवायच्या. मशीन थांबलं की नळीत वर पिवळसर थर दिसतो. तो जेवढा, तेवढी त्या दुधाला फॅट 'लागली'. हे करताना ॲसिडचा एक थेंब उडाला की सदऱ्याला एक भोक. पंचमीला घेतलेला सदरा दिवाळीपर्यंत चाळणी व्हायचा. मी ओरडायची, "सोसायटीनं तुम्हाला फॅट काढायला ठेवलंय का कापडाला भोकं पाडायला?"

आमचं गाव भूम तालुक्यात, ईटच्या अलीकडं. बाहत्तरच्या दुष्काळात निम्म्या गावाची जनावरं दावणीवरून गेली. पुढं सोसायटी निघाली, तिच्यातर्फे दुधाची जनावरं आली, आणि सकाळ-संध्याकाळ दुधाच्या कॅनचा खडखडाट सुरू झाला. ह्यांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालेलं, हात स्थिर, म्हणून तपासणीचं काम ह्यांच्याकडं आलं. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली माणसं. सगळ्या गावाचं दूध आमच्या माणसाच्या हातून जाणार, हे काही जणांना सुरुवातीला पचलं न्हाय. एक बागायतदार होता ओढ्यापलीकडचा. तो आपली किटली लांबनंच खाली ठेवायचा. ठेव बाबा! किटली लांब ठेवली म्हणून फॅट लांब राहते का? पण त्यामुळंच हे इतके कडक झाले. मला म्हणायचे, "दुसरा तपासणारा चुकला तर लोक म्हणतील, माणूस चुकला. मी चुकलो तर काय म्हणतील ते तुला ठाऊक हाय."

पाणी घातलेलं दूध त्यांनी सख्ख्या मामाचंही घेतलं न्हाय. पण त्यांचा अजून एक नियम होता, आणि तो सगळ्या गावाला पाठ होता. पाणी घातलेलं दूध परत करायचं. पण जनावर उपाशी हाय म्हणून फॅट कमी लागली, तर ते दूध घ्यायचं, आणि मालकाला सांगायचं, बाबा, हिला सरकीची पेंड चार. "पाणी घालणारा लबाड असतो," म्हणायचे, "उपाशी जनावर लबाड नसतं."

अशा माणसाला कावीळ झाली.

पुन्हा पावसानं दडी मारलेलं साल होतं ते. माणसं जनावरं घेऊन छावणीला गेली होती, त्यामुळं डेअरीतही काम थोडंच. आधी ह्यांना खाज सुटली. अंगभर. दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. मग डोळे पिवळे झाले. आमच्या सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणायची, लगेच दवा-पाणी हातात घेतलं. शेजारच्या गावात एक जण काविळीची माळ द्यायचा. कसल्याशा काड्यांची माळ, ती डोक्यावर घालायची. जशी कावीळ उतरंल तशी माळ लांब होत खाली येते आणि पायातून निघून जाते, असा हिशेब. माळ निघाली मोठी गुणाची! गळ्यात आली, पोटावर आली, गुडघ्याला टेकली. आणि डोळे दिवसेंदिवस जास्तच पिवळे. वर आत्याचं पथ्य. तेल न्हाय, हळद न्हाय, डाळ न्हाय, अंड्याचं तर नावच काढायचं न्हाय. सुकी भाकरी आणि पाण्यासारखं ताक. धडधाकट माणूस वाळून खारीक झाला.

शेवटी भूमच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, सोलापूरला जा. बार्शीवरून एसटीनं गेलो. सोलापूरचे सर्जन तरणेच होते, बोलायला मोकळे. तपासण्या झाल्यावर त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, "पित्त वाहून नेणाऱ्या नळीत गाठ आहे. वाईट जातीची आहे."

आणि ह्यांनी काय म्हणावं? म्हणाले, "साहेब, गाठीलाबी जात असती का?"

डॉक्टर आधी चपापले, मग हसले. मी मात्र ह्यांच्या मांडीला असा चिमटा घेतला की बस्स. पुढचं डॉक्टरांनी नीट समजावलं. गाठ लहान आहे, काढता येईल. पण काढणं अर्धंच काम. पुढं माणूस उठून बसतो का न्हाय, टाके धरतात का न्हाय, हे बरंचसं रक्तच आधी सांगतं. रक्तातला पिवळेपणा उतरला पाहिजे, आणि अल्ब्युमिन म्हणून एक प्रथिन असतं, ते चढलं पाहिजे. ते साडेतीनच्या आसपास असलं तर बरं. ह्यांचं फारच खाली होतं. आत्ता पोट उघडलं तर मिटणार न्हाय, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"साडेतीन?" हे एकदम ताठ बसले. "गाईच्या दुधाला बी साडेतीनच लागती की!"

मग तर ह्यांना चेवच चढला. रक्त तपासायची खोली बघायचीच म्हणून हटून बसले. आत गेलो तर कोपऱ्यात नळ्या गरागरा फिरवायचं मशीन. ह्यांचं डेअरीतलं होतं ते हाताचं, हे विजेवरचं, एवढाच फरक. मशीन थांबलं, तपासणाऱ्यानं नळी वर काढली. खाली लाल, वर पिवळं. ह्यांनी ती उजेडाकडं धरायला लावली आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काय माहेरचं माणूस भेटलं. "अगं, हे तर आपलंच काम हाय!" मी म्हटलं, गेलं. आता हा माणूस दवाखान्याला डेअरी समजणार.

आणि तसंच झालं.

डॉक्टरांनी कुशीतून एक बारीक नळी घालून पित्त बाहेर बाटलीत उतरायची सोय केली, आणि तीन आठवड्यांनी या म्हणून सांगितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आता सगळं तुमच्या हातात आहे. अंडी, दूध, डाळी, जे जाईल ते खाऊ घाला." मी घरी आले आणि पहिल्यांदा ती माळ उचलून वळचणीला खोचली. आत्या खवळल्या. "काविळीत अंडं? मारतीस का माझ्या लेकराला?" मी म्हटलं, "आत्या, मी मारत न्हाय. तुमचं ताक मारतंय त्यांना." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले. त्या दिवसभर बोलल्या न्हाईत. दुसऱ्या दिवशी बघते तर आपल्या कोंबडीखालचं अंडं पदरात घेऊन चुलीपाशी उभ्या. म्हणाल्या, "उकडू का तव्यावर घालू?"

अंड्यांचं जमलं. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ हेही जमलं. दुधाची पंचाईत होती, कारण दुष्काळात दूध आणायचं कुठनं? पण ह्यांच्या आजाराची बातमी पसरली तसं एकेक घर तांब्याभर दूध पाठवायला लागलं. ज्यांचं ज्यांचं दूध ह्यांनी परत पाठवलं होतं, त्यांचंही यायला लागलं. मला भरून यायचं. आणि हे? कुशीत नळी, उशाला पित्ताची बाटली, आणि हातात काय, तर दुधाची डिग्री मोजायचा काचेचा मापक! आलेल्या प्रत्येक तांब्यात तो बुडवून बघायचे.

एके दिवशी त्या बागायतदाराच्या घरून तांब्या आला. त्या साली सगळ्या शिवारात त्याच्याच विहिरीला थोडं पाणी उरलं होतं. ह्यांनी मापक सोडला, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "विहिरीला अजून पाणी हाय म्हणायचं. परत कर."

"अहो, माणसं मायेनं पाठवतात आणि तुम्ही पाणी बघता? प्या गपचिप!"

"पाणीच प्यायचं तर आपल्या रांजणात हाय की."

मी तांब्या परत केला न्हाय. दुधात पीठ कालवून त्याचं घावन केलं आणि खायला घातलं. सगळं खाल्लं. चांगलं झालंय म्हणाले. सांगते कोण त्यांना!

तीन आठवडे भरत आले तसं हे मला म्हणाले, "यावेळी रक्त सकाळी द्यायचं न्हाय."

"का?"

"सकाळच्या दुधापेक्षा संध्याकाळच्या दुधाला फॅट जास्त लागती. लहान लेकराला ठाऊक हाय ते."

"अहो, तुम्ही म्हैस हाय का?"

"अंगातनं निघतंय ते अंगातनंच निघतंय. ह्यात लबाडी न्हाय. पाणी घालणं पाप, संध्याकाळचं घालणं पाप न्हाय."

त्या माणसाशी वाद घालून कुणी जिंकलंय? सोलापूरला सकाळीच पोचलो आणि संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिलो. रक्त तपासणाऱ्यानं दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा हे म्हणाले, "जरा थांबून." त्याला वाटलं, माणूस सुईला भ्यालाय. तो येऊन धीर देऊन गेला. मी पदर तोंडावर धरून बसले, हसू बाहेर फुटू नये म्हणून. उन्हं कलली तसे हे उठले, आत गेले, हात पुढं केला आणि त्याला म्हणाले, "भाऊ, पहिली धार पातळ असती. ती सोडून द्या. शेवटची धार घ्या." तो बिचारा सुई हातात घेऊन ह्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला. मग मला सगळं सांगावं लागलं. तो इतका हसला की सुई खाली ठेवून त्याला बाहेर जाऊन यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांपुढं. ही गोष्ट त्यांच्या कानावर आधीच गेली होती. त्यांनी सांगितलं की रक्ताला सकाळ-संध्याकाळ, पहिली धार-शेवटची धार असलं काही नसतं. हे मान हलवत होते, पण पटलं न्हाय हे मला दिसत होतं. मग आकडे. पिवळेपणा चांगला उतरला होता. अल्ब्युमिन चढलं होतं, पण साडेतीनला पोचलं नव्हतं. बऱ्यापैकी कमी होतं. डॉक्टर पेन्सिल टेबलावर आपटत विचारात पडले. थांबावं तर गाठ थांबत न्हाय, करावं तर टाक्यांची खात्री न्हाय. आणि काय त्यांच्या मनात आलं कोण जाणे, हसत हसत ह्यांना म्हणाले, "तुम्ही तपासनीस. तुम्ही सांगा. साडेतीनचा नियम आहे आणि हे दूध तुमच्यापुढं आलंय. घेतलं असतं का?"

ह्यांनी कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "न्हाय साहेब. नसतं घेतलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस, आणि स्वतःचंच दूध परत करतोय! असा राग आला मला! आणि रागापेक्षा भीती. आता डॉक्टर म्हणणार, बरं मग, घेऊन जा घरी. आणि मी ह्यांना घेऊन जाणार, आणि पिवळं होत होत हा माणूस माझ्या डोळ्यांपुढं संपणार. मी डॉक्टरांपुढं तोवर मान वर करून बोलले नव्हते. पण तेव्हा कसली लाज आणि कसलं काय! ह्यांच्याकडं वळले आणि विचारलं, "खरं सांगा. तुमच्या रक्तात पाणी घातलंय का ते उपाशी जनावराचं हाय?"

हे सदऱ्याच्या एका भोकात बोट घालून बसले.

"बोला की! गावाला नियम सांगत फिरता. पाणी घातलेलं का उपाशी जनावराचं?"

"उपाशी जनावराचं," हे हळूच म्हणाले.

"मागच्या खेपेपेक्षा चढलंय का उतरलंय?"

"चढलंय."

"चढतीचं, उपाशी जनावराचं दूध तुम्ही घेता का परत करता?"

"...घेतो."

"मग घ्या की!" मी ओरडलेच. आणि तिथंच रडायला लागले. डॉक्टरांनी मला पाणी दिलं. त्यांनी दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पुन्हा बघितले, कुशीच्या नळीभोवतीची जखम बघितली, नुसत्या आकड्यावर सगळं नसतं, चढ-उतारही बघायचा असतो, असं काहीसं म्हणाले, आणि ऑपरेशनचा दिवस ठरवला.

रक्ताच्या बाटल्या लागणार होत्या. गावातनं टेम्पो भरून माणसं आली, कुणी न बोलवता. त्यात तो ओढ्यापलीकडचा बागायतदार पहिला. त्याचं रक्त जुळलं. आत नेण्याआधी हे स्ट्रेचरवर पडलेले, तो बाजूला उभा. कधीकाळी किटली लांब ठेवणारा माणूस अगदी खेटून उभा होता. ह्यांनी डोळे किलकिले करून विचारलं, "पाणी घातलं न्हाय ना?"

"शपथ!" तो म्हणाला. "तुमच्याच पुढं काढलंय." आणि मान फिरवून त्यानं डोळे पुसले.

टाके धरले. पिवळेपणा रोज थोडा थोडा उतरत गेला. डॉक्टर आत आले की हे पडल्या पडल्या विचारायचे, "साहेब, आज किती लागली?" आणि डॉक्टरही सांगायचे, आज एवढी लागली. घरी आलो तेव्हा आत्यांनी वळचणीची माळ काढून ह्यांच्या पायावरनं उतरवली आणि म्हणाल्या, बघा, आली का न्हाय पायात! मी म्हटलं, आली की! म्हातारीच्या आनंदाची कशाला फॅट काढत बसायची?

पुढं हे पुन्हा डेअरीत जायला लागले. सदऱ्यांना पुन्हा भोकं पडायला लागली, आणि मी आनंदानं ओरडायला लागले. काही महिन्यांनी एकदा सोलापूरला रक्त द्यायचं असायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आजार परतायचा झाला तर डोळे पिवळे व्हायच्या आधी रक्तातला एक आकडा चढायला लागतो, म्हणून तपासत राहायचं. प्रत्येक वेळी हे सकाळी पोचायचे आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसायचे. डॉक्टरांनी सांगून झालं, मी सांगून झाले. "तुम्हाला कळतंय ना की काही फरक पडत न्हाय?" "कळतंय की." "मग?" "असू दे. आजपर्यंत चांगलं आलंय ना?" मी त्यांची भरपूर थट्टा करायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्या ह्यांचं रक्त संध्याकाळी घट्ट असतं. बाकावर बसून भाकरी खायची, शेंगा फोडायच्या, माणसं बघायची. खरं सांगते, आमच्या संसारात आम्ही दोघं असे निवांत त्या बाकावरच बसलो. चांगली बरीच वर्षं बसलो.

मग एकदा सोलापूरला जायच्या दिवशी मी भाकरी बांधत होते. नेहमीप्रमाणं दोन वेळच्या. हे अंगणातनं आत आले. नवा, बिनभोकाचा सदरा घातला होता. म्हणाले, "एकाच वेळच्या बांध. आज रक्त सकाळीच देऊन टाकू."

मी वर बघितलं. डोळे पांढरेच होते त्यांचे. पण उजव्या हातानं ते डावा दंड खाजवत होते, आणि मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी हात खाली घेतला.

"संध्याकाळी देऊ की हो," मी म्हटलं. "आपलं ठरलंय ना."

"नको. जसं हाय तसं दिसू दे."

मागच्या खेपेलाही आधी खाजच सुटली होती. इतकी वर्षं मी त्यांच्या संध्याकाळच्या हट्टाला हसले होते, आणि आता एसटीच्या अख्ख्या रस्त्यात मीच त्यांच्या मागं लागले. बसू की बाकावर. शेंगा घेतल्यात. काय घाई हाय? ते खिडकीतनं बाहेर बघत नुसते हसायचे.

दवाखान्यात तोच रक्त तपासणारा होता, आता कानापाशी पिकलेला. इतक्या सकाळी ह्यांना बघून तो चकितच झाला. ह्यांनी स्टुलावर बसून बाही वर केली आणि काही न बोलता हात पुढं ठेवला. त्यानं दंडाला पट्टा बांधला, सुई उचलली. आणि माझ्याच तोंडातनं निघालं, "भाऊ, पहिली धार नको. शेवटची घ्या."

तो या खेपेला हसला न्हाय. "व्हय ताई," म्हणाला, आणि अगदी सावकाश, शेवटपर्यंत नळी भरत बसला.